जैसलमेर: वाळू बघायचीय, डीजे नको. सम की खुरी?

मेथीची_जुडी:

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरला जायचं घाटतंय. चौघं आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६७ वर्षांची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. काठी घेऊन चालते व्यवस्थित, पण मांडी घालून खाली बसता येत नाही.

मुलाला एकच गोष्ट बघायचीय. कुठल्याशा पुस्तकात त्यानं वाचलंय की वाळूची टेकडी चालते. "चालते म्हणजे पाय असतात का?" हा प्रश्न गेले दोन महिने घरात रोज एकदा विचारला जातो. आईचं वेगळंच. तिच्या लहानपणी गोदेच्या पात्रात एवढी वाळू असायची की उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या लागायच्या. आता उरलेत खडक आणि पाणवेली. "एकदा डोळे भरून वाळू बघू दे," एवढंच म्हणाली.

एका ट्रॅव्हलवाल्यानं पॅकेज दिलंय. किल्ला, हवेल्या, आणि एक रात्र सम इथे तंबूत. त्यात उंटावरून सूर्यास्त, जीपमधून वाळूवर उड्या, नाच, बुफे आणि 'डीजे नाइट'. फोटो मागवले तर पन्नास-साठ तंबू रांगेत आणि मागे वाळू चिमूटभर. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणाले, सम सोडा, खुरीला जा. दुसरे म्हणाले, खुरीत काही नाही.

तर सम की खुरी? आईला झेपेल का? आणि वाळूच्या टेकड्यांपलीकडे तिथे बघण्यासारखं काय आहे? किल्ला-हवेल्यांची माहिती खूप मिळाली, त्यापलीकडचं सांगा.


ट्रिप_टोळी_ठाणे:

आम्ही डिसेंबरात चौदा जण गेलो होतो. समलाच राहिलो, डीजे होता, नाचलो, जीपमध्ये बोंबललो, मजा आली. वाळवंट म्हणजे शांतताच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला जीप आवडेलच. फक्त जीपच्या मागच्या उघड्या भागात आजींना उभं करू नका. आमच्या काकांची पाठ आठवडाभर धरली होती.


पवनचक्कीवाला:

ताई, मी सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्याचा. आयुष्यभर पवनचक्क्यांवर काम केलं. आधी चाळकेवाडीच्या पठारावर, मग कंपनीनं उचलून जैसलमेरला टाकलं, तिथं साडेचार वर्षं काढली. त्यामुळं मी सांगतोय ते डबा घेऊन कामावर जाणाऱ्याच्या नजरेतनं. फोटोबिटो माझ्याकडं नाहीत.

आधी डोक्यातलं चित्र जरा बदला. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मलाही वाटलं होतं, स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की वाळूच वाळू. बघतो तर दगड. पिवळा, चपटा, उघडा माळ. आमच्या म्हसवडच्या माळाला हळद लावावी तसा. जिल्हा आहे ३८,४०१ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपला सगळ्यात मोठा नगर जिल्हा दोनदा बसून वर जागा उरते. त्यात उघड्या वाळूच्या टेकड्या ठरावीक पट्ट्यांतच. दगडाळ माळाला तिकडं मगरा म्हणतात आणि वाळूच्या टेकडीला धोरा. हे दोन शब्द लक्षात ठेवा. ड्रायव्हरला "धोरे दाखव" म्हणालात की तो तुमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

धोरे सम आणि खुरी दोन्हीकडं आहेत. सम शहराच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर, खुरी नैर्ऋत्येला पन्नासच्या आत. समचे धोरे जास्त देखणे, ह्यात वाद नाही. पण संध्याकाळी पाच ते सात तिथं सिद्धनाथाच्या रथाची आठवण यावी अशी गर्दी असते. उंट, जिपा, चहावाले, भुट्टेवाले.

माझं विचाराल तर जागेपेक्षा वेळ बघा. धोरा सकाळी बघायचा. जानेवारीच्या शेवटी तिकडं सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे फार लवकर उठायचीही कटकट नाही. साडेसहाला निघायचं. थंडीच्या दवानं वरची वाळू जरा धरून राहते, पाय कमी रुततो, आईंना ते बरं. आणि रात्री काय काय झालं ते वाळूवर छापलेलं असतं. भुंगेऱ्याची ओळ शिवणयंत्राच्या टाक्यासारखी बारीक. खोकडाची पावलं एका रेघेत, जणू दोरीवरनं चाललाय. एकदा मी उंदराच्या उड्यांची ओळ बघितली. दहा-बारा उड्या, आणि मग दोन्ही अंगाला पिसांचे फराटे. पुढं ओळच नाही. घुबडानं उचलला. साइटवर पोचायला त्या दिवशी उशीर झाला, सुपरवायझर ओरडला, पण काय सांगणार त्याला?

आता ह्यात एक मेख आहे, ती वाऱ्याच्या धंद्यातल्या माणसालाच कळते. तिकडचा खरा वारा उन्हाळ्यापासनं ऑगस्टपर्यंत, नैर्ऋत्येकडनं. आमच्या पात्यांचा सीझन तोच. जानेवारीत वारा पडलेला असतो. म्हंजे समच्या धोऱ्यावर आज उठलेले टायर चार-चार दिवस पुसले जात नाहीत. उन्हाळ्यात एका रात्रीत सगळं कोरं होतं, पण तेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर, तुम्ही जाणार नाही. म्हणून थंडीत जाणाऱ्यानं जिथं माणूस कमी तिथं जावं. खुरी घ्या. दोन रात्री राहा, एक नको. एका रात्रीत संध्याकाळी पोचणार, जेवणार, झोपणार, सकाळी ड्रायव्हर हॉर्न मारणार.

तुमच्या पोराच्या प्रश्नाचं: धोऱ्याला पाय नसतात, पण पाठ आणि पोट असतं. वाऱ्याकडची बाजू लांबट, निवांत उताराची. कण त्यावरनं टुणटुण उड्या मारत वर चढतात. माथ्यावर पोचले की पलीकडं पडतात. पलीकडची बाजू तीसेक अंशांची, त्याहून उभी झाली की आपली आपण घसरते. असं मागचं उचलून पुढं टाकत टाकत अख्खी टेकडी सरकते. मात्र ज्या धोऱ्यावर फोगाची झुडपं आणि सेवण गवत धरलंय, तो जागेवर बसला. पोराला माथ्यावर बसवा आणि उभ्या बाजूला बोटानं एक आडवी रेघ ओढायला सांगा. रेघेच्या वरची वाळू पाण्यासारखी खाली वाहायला लागते, एक मिनिटभर थांबत नाही. पुस्तकात हे नाही.

तुम्ही 'पलीकडचं' विचारलंत म्हणून लिहितो, लांबलं तर क्षमा. मी दुष्काळी भागातला. चारा छावणीत रात्री काढलेला माणूस. आमच्याकडं पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस, तर आम्ही रडतो. जैसलमेरला दोनशेच्याही आत. तरी शंभर-शंभर उंबऱ्यांची गावं शेकडो वर्षं टिकली, ती कशी, हे मला पहिल्या वर्षी कळंचना.

मग साइटजवळच्या ढाणीतल्या (ढाणी म्हंजे वस्ती) एका म्हाताऱ्यानं बेरी दाखवली. बेरी म्हंजे अरुंद तोंडाची विहीर, वर लाकडी झाकण, बाहेरनं बघितली तर कुणाला विहीर वाटणार नाही. तिकडं पाणी तीन जातीचं. आभाळातनं पडतं ते पालर पाणी. खूप खोल असतं ते पाताळ पाणी, बहुतेक खारट. आणि दोन्हींच्या मधलं ते रेजाणी. काही जागी वाळूखाली खडूसारखा, जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्यात जात नाही. पण ते साचलेलं नसतं बरं का, वाळूत ओल म्हणून धरलेलं असतं. बेरी त्या थराच्या वर खणायची, की भोवतालची ओल थेंब थेंब त्यात उतरते. तोंड अरुंद का, तर थोडं पाणी पसरू नये, आणि वाफ होऊन उडू नये. म्हाताऱ्यानं चरवीभर काढून दिलं. गोड होतं, सांगतो तुम्हाला. आमच्या टँकरच्या पाण्याला ती चव नाही.

दुसरं खडीन. मगऱ्यावरनं वाहून येणारं पावसाचं पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवायचं. दोन-तीन महिने तळं. थंडीच्या तोंडाला पाणी मुरलं की त्याच ओलीत गहू-हरभरा पेरायचा. नंतर एक थेंब द्यायचा नाही. तुम्ही जानेवारीत जाताय, तेव्हा चौफेर पिवळ्या दगडात एखादा हिरवागार चौकोन दिसेल, तिथं गाडी थांबवा. हे शास्त्र पालीवाल ब्राह्मणांचं. कुलधरा नावाचं त्यांचं ओसाड गाव शहरापासनं अठराएक किलोमीटरवर आहे. लोक तिथं भुतं बघायला जातात. दिवाण सालमसिंगाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत सगळी गावं उठून गेली अशी कथा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पाणी आटत गेलं म्हणून हळूहळू उठली असंही म्हणतात. मला दुसरं पटतं. दुष्काळात गाव उठताना मी बघितलंय. त्याला दिवाण लागत नाही.

डीजेचं: कॅम्पवाल्याला आधीच सांगा, "मांगणियार बोलवा, कमायचा वाजवणारा असला तर उत्तम." पिढ्यान् पिढ्या गाणारे मुसलमान कलावंत, यजमान बहुतेक राजपूत, आणि गाण्यात कृष्णही येतो. कमायचा आंब्याच्या लाकडाचा, वर बकऱ्याचं कातडं, तारा आतड्याच्या. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खान ह्यांना त्यासाठीच २०१२ साली पद्मश्री मिळाली. लाउडस्पीकर बंद करायला लावा, मग ऐका.


मेथीची_जुडी:

दादा, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. घुबडाशी पोचले तेव्हा मुलगा उठून उभा राहिला. खुरी पक्की, दोन रात्री.

आता गृहिणीचे प्रश्न. थंडी किती? आईला कमोड लागतोच, तंबूत असतो का? उंटावर ती बसू शकेल? आणि ट्रॅव्हलवाला तनोट माता मंदिर घ्याच म्हणतोय, जाऊन येऊन एक दिवस. घ्यावं का?


माळरान_सोलापूर:

पवनचक्कीवाले, लिहिलंत झकास, पण तारांचं सोयीस्कर विसरलात की ओ.

मेथीताई, तुम्ही सम रद्द केलंत ते ठीक, पण त्याच बाजूला सुदासरीचं कुंपण आहे, वाळवंट राष्ट्रीय उद्यानातलं. उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत. वनखात्याचं परमिट घेऊन एक सकाळ तिथे घाला. तिकडे ज्याला गोडावण म्हणतात तो आपला माळढोक. आमच्या नान्नजला १९७९ साली खास त्याच्यासाठी अभयारण्य केलं. लहानपणी वडिलांच्या स्कूटरवरून जायचो, तर ज्वारीच्या रानाकडेला नर मान फुगवून उभा असायचा. आता नान्नजचा पक्षी म्हणजे आठवणच. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या माळावर. म्हणजे सोलापूरकरानं आपल्या गावचा पक्षी बघायला हजार किलोमीटरच्या वर जायचं.

आणि तिथे त्याला मारतंय काय? पवनचक्क्या आणि सौरऊर्जेच्या वीजवाहिन्या. पंधरा किलोपर्यंतचं वजन, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि एवढं धूड ऐन वेळी वळत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे एक गेला की भरून निघायला वर्षं लागतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घ्या म्हणून सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश सैल केला, समिती नेमली. सममध्येच २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे, ती एक आशा.

दिसला तर नशीब. नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी खोकड आणि गिधाडं दिसतील. गाडीतून उतरू नका, पिवळा-लाल शर्ट घालू नका, आणि ड्रायव्हरला "जवळ घे" म्हणू नका. एवढं केलंत तर तुमची ट्रिप मला मान्य.


पवनचक्कीवाला:

माळरानसाहेब, विसरलो नव्हतो. लिहायचं टाळलं, हे खरं.

तारांखाली मेलेले पक्षी मी स्वतः उचललेत. गोडावण एकही नाही, पण गिधाडं आणि करकोचे बरेच. सुरुवातीला आम्ही ते नोंदवायचो. मग कुणीतरी वरनं विचारलं की हे कशाला लिहिता, तेव्हापासनं खड्डा करून पुरायचो. आमची पोरंबाळं त्या वाऱ्याच्या पगारावर शिकली, त्यामुळं पवनचक्की वाईट असं माझ्या तोंडातनं निघणार नाही. पण तारा खाली घ्यायला पाहिजे होत्या. खर्च येतो म्हणतात. येतोच.

मेथीताई, सुदासरी घ्या. बडा बागला जाल तेव्हा राजांच्या छत्र्यांच्या (म्हंजे समाध्यांच्या) मागं आमच्या पवनचक्क्या ओळीनं उभ्या दिसतील. लोकांना ते फोटोत आवडतं. तुम्ही बघताना तारांकडंही बघा.

उंटाचं सांगतो. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे बसलेला माणूस पुढं फेकला जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे परत पुढंच. दोन्ही वेळा मागं रेलायचं आणि खोगिराची मूठ सोडायची नाही. नव्या गुडघ्याला हे नको. उंटगाडी मागा. दोन चाकांचा सपाट गाडा, वर गादी टाकतात. आईंना स्टूल लावून बसवा, पाय खाली सोडून. धोऱ्याच्या पायथ्यापर्यंत आरामात जाते.

पोराला आकलला न्या, बाडमेर रस्त्याला सतरा किलोमीटरवर. झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, अठरा कोटी वर्षांपूर्वीचे, पिंजऱ्यात ठेवलेत. पिंजरा बघून पोरं हिरमुसतात. मग एवढंच सांगायचं की हे ओंडके झाड होते तेव्हा इथं दाट जंगल होतं, आणि तो समोरचा उघडा माळ बघायला लावायचा. माझ्या पोरीनं विचारलं होतं, "मग पाणी कुठं गेलं?" मला सांगता आलं नव्हतं.


जोधपुरी_काकू:

मी मूळची पुण्याची, लग्न होऊन जोधपूरला आले त्याला एकवीस वर्षं झाली. पाहुणे जैसलमेरला पोचवणं हा आमचा घरगुती उद्योग आहे, तेव्हा थोडं मीही.

गाडी: वांद्र्याहून जैसलमेरला थेट गाडी आठवड्यातून एकदाच. वार जुळला नाही तर सूर्यनगरीला बोरिवलीला चढा, जोधपूरला उतरा, एक दिवस पाय मोकळे करा. पुढे रस्त्यानं पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. आजींसाठी एका दमात जाऊ नका, पोकरणला थांबा.

थंडी: दुपारी स्वेटर काढाल, रात्री पारा सात-आठावर येतो आणि वाळू झटकन गार पडते. कानटोपी, मोजे, आणि आजींना रबरी गरम पाण्याची पिशवी.

कमोड आणि तंबू: "स्विस टेंट" म्हणतात त्यात असतो, पण फोटो आणि जागेचा पिन दोन्ही मागून घ्या. माझ्या नणंदेला "वाळूच्या मधोमध" म्हणून एक कॅम्प विकला. पोचल्यावर तंबू हायवेच्या कडेला, रात्रभर ट्रकचे दिवे आत. भांडली तेव्हा मालक म्हणाला, "मॅडम, वाळू आहे ना!" खरंच होती, ट्रकच्या चाकाखाली. तुम्ही आजींसाठी पक्की खोली घ्या. खुरीत मातीच्या भिंतीच्या, गवती छपराच्या झोपड्या मिळतात, तंबूपेक्षा उबदार.

तनोट: जैसलमेरपासून १२० किलोमीटर, लोंगेवाला जोडलं की दिवस गाडीतच. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडून न फुटलेले गोळे तिथे मांडून ठेवलेत, देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं. लोंगेवाला म्हणजे १९७१ च्या डिसेंबरातली मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची लढाई. मला दोन्ही जागा मनापासून आवडतात. पण तुमच्याकडे दिवस मोजके आणि गुडघा नवा. माझं मत, ह्या खेपेस नको.

खाणं: कैर-सांगरी खा. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा, कोवळ्या तोडून वाळवतात. आणि खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला आपण पूजा करतो ती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शमीची भाजी वाढली हे कळल्यावर मी दोन घास खाऊन थांबले होते, आपण देवाचं झाड शिजवून खातोय की काय म्हणून. आता पुण्याला जाताना बहिणीसाठी अर्धा किलो नेते. भाव विचारू नका, बदाम स्वस्त वाटतात. ह्याच झाडांसाठी आमच्या जोधपूरजवळ खेजडलीला १७३० साली ३६३ बिष्णोईंनी जीव दिला होता. जैसलमेरात घोटुवां लाडू विसरू नका.


मेथीची_जुडी:

परत आलो! सगळ्यांनी एवढं लिहिलंत, तर हिशोब देणं भाग आहे.

सुदासरीत माळढोक दिसला नाही. माळरानसाहेब, चिंकारे आठ, गिधाडं मोजता आली नाहीत इतकी. आमचा गाइड तिथल्याच गावचा. तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या काळी गोडावण घरामागे चरायचे. मी नान्नजचं सांगितलं. "वहां भी?" एवढंच म्हणाला.

खडीन दिसलं. हरभरा होता, घाटे धरायला लागलेले. आईनं गाडी थांबवायला लावली, बांधावर उभी राहून पाच मिनिटं बघत होती. बेरी मात्र कुणी दाखवली नाही. ड्रायव्हर म्हणाला, आता नळ आलेत, जुन्या बुजल्या.

धोऱ्यावर दोन्ही दिवस सकाळी गेलो. उंटगाडी पायथ्यापर्यंत, पुढे आई काठी आणि माझ्या खांद्यावर. वर प्लास्टिकची खुर्ची नेली होती. ती बसल्या बसल्या खुर्चीचे मागचे पाय रुतले आणि आई हळूहळू आकाशाकडे बघायला लागली. गाडीवान पळत आला, त्यानं गाड्यावरची गोधडी चौघडी करून खुर्चीखाली घातली. मग ती तासभर तिथेच. वाळू मुठीत घ्यायची आणि सोडायची. शेवटी म्हणाली, "गोदेची जाड होती. ही मैद्यासारखी आहे."

मुलानं रेघ ओढली. वाहिली. मग दोन्ही दिवस त्यानं दुसरं काहीच केलं नाही. उंट नको, जीप नको. ठाणेकर, माफ करा.

काकू, शमीचं ऐकून आईचीही तुमच्यासारखीच गत झाली. यजमानांच्या अंगणात भलं मोठं खेजडीचं झाड होतं. तिनं आधी नमस्कार केला, मग मुलाला पांडवांनी शस्त्रं कशी लपवली ते सांगितलं, आणि मग सांगरी दोनदा मागून घेतली. यजमानीणबाई बाजरीचा सोगरा दोन्ही तळव्यांमध्ये थापत होत्या. आईनं परात मागितली आणि खुर्चीत बसून, परात स्टुलावर ठेवून आपली भाकरी थापून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. अर्धा तास गप्पा चालल्या.

मांगणियार आले, पण कमायचा नव्हता, खडताल आणि ढोलक होतं. छान गायले. लाउडस्पीकर मागितला नाही तर तेच खूष झाले.

पवनचक्कीवाले दादा, एक शंका. दुसऱ्या सकाळी एका रेघेतली पावलं सापडली, मुलगा नाचायला लागला की खोकड. पण पावलांच्या बाजूनं एक बारीक सलग रेघ ओढल्यासारखी होती, मध्येच वळणं घेत. तो म्हणतो शेपूट. खोकडाची शेपूट टेकते का?


पवनचक्कीवाला:

नाही टेकत. चालताना शेपूट जमिनीच्या वर असते. पावलं जरा मोठी आणि थोडी वाकडीतिकडी होती का? मग ते कुत्रं. गळ्यात तुटकी दोरी असणार, ती फरफटत गेलीय. ढाणीत असतात अशी.


मेथीची_जुडी:

होता! यजमानांचा काळा कुत्रा, गळ्यात निळी नायलॉनची दोरी लोंबत असायची. आईनं पहिल्या रात्री त्याला आपली करपलेली भाकरी घातली, तेव्हापासून तो तिच्याच दाराशी झोपायचा. म्हणजे आम्ही पोचायच्या आधी धोऱ्यावर तो चक्कर मारून आला होता. मुलाला सांगितलं. अजून बोलत नाहीये माझ्याशी.